उंबऱ्याबाहेर

डॉक्टरीणबाईंनी माईकवरून ‘अंगावरून जाणं’ असं म्हटलं आणि सभागृहातला पंखा एकदम मोठ्यानं वाजायला लागला. म्हणजे पंखा आधीपासून तसाच वाजत असणार, आम्हीच गप्प झालो होतो. मंचरच्या आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळात भाषणं होतात ती साखरेवर, गुडघ्यांवर, नाहीतर मृत्युपत्रावर. त्या दिवशी फळ्यावर नुसतं ‘उतारवयातलं आरोग्य’ असं लिहिलं होतं, म्हणून सगळे निर्धास्त आले होते. बायका एका बाजूला, आम्ही एका बाजूला. डॉक्टर रुबिना मूळच्या जुन्नरच्या, दवाखाना आळेफाट्याला. चाळिशीच्या असतील. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं की ज्या गोष्टी तुम्ही दवाखान्यातही विचारत नाही त्या आज मीच बोलणार आहे, ज्यांना उठून जायचं त्यांनी जावं. कुणी उठलं नाही, कारण उठणाऱ्याकडे सगळ्यांनी बघितलं असतं. मग त्या बोलत राहिल्या. साठीनंतर नवरा-बायकोंनी जवळ येण्यात पाप नाही, इच्छा राहिली तर लाजायचं नाही आणि गेली तर घाबरायचं नाही. बाईचं अंग या वयात कोरडं पडतं, दुखतं, त्याला साधं मलम मिळतं, पण बाई सांगत नाही आणि नवऱ्याला वाटतं हिचं मन उडालं. पुरुष आपापल्या चपलांकडे बघत होते. माझ्या शेजारी राजमहंमद बसला होता, त्याचं गाद्यांचं दुकान. तो माझ्या कानाशी वाकून म्हणाला, “कुंडलिकभाऊ, जन्मभर गाद्या शिवल्या राव. आज कळतंय कशासाठी.” मी हसलो असेन. पुढच्याच वाक्याला डॉक्टरबाई म्हणाल्या की पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर एक थेंब जरी दिसला तरी ती पाळी परत आलेली नसते. संबंधानंतर दिसला तरी तसंच. “आपल्याकडच्या बायका काय करतात? बाजूला बसतात. देवाला शिवत नाहीत. दिवा सुनेला लावायला सांगतात. आणि सुनेनं विचारलं की म्हणतात, गुडघे दुखतात.”

मी उठलो नाही. उठता आलं असतं तर बरं झालं असतं. बायांच्या बाजूला कुणीतरी खोकलं. माझ्या डोळ्यांसमोर आमच्या स्वयंपाकघराची चौकट होती आणि चौकटीच्या अलीकडे माझी बायको बयाबाई बसली होती, एक गुडघा वर घेऊन, हातात लसणाचा गड्डा. आमचा देव्हारा स्वयंपाकघरात, फ्रिजच्या वरच्या बाजूला भिंतीला लावलेला. ती म्हणत होती, “हर्षाली, तू लाव दिवा, माझे गुडघे धरल्यात.” सुनेनं दिवा लावला. मी बाहेरच्या खोलीत टीव्हीवर बातम्या बघत होतो आणि हे सगळं मला दिसत होतं, म्हणजे तेव्हाही दिसत होतं. गुडघे धरलेली बाई जमिनीवर बसत नाही, खुर्चीत बसते. एवढी साधी गोष्ट. मोटारी बांधण्यात माझं आयुष्य गेलं. विहिरीतली मोटार वर काढून आणली की झाकण उघडायच्या आधी मी वासावरून सांगायचो, कोणती गुंडाळी जळली. पण चौकटीच्या अलीकडे बसलेल्या बाईला कसला वास असतो?

घरी आलो, जेवलो, हर्षालीनं विचारलं भाषण कसं झालं, मी म्हटलं बरं झालं. मग गॅलरीत बसलो. खाली हायवेला कांद्याच्या गाड्यांची रांग लागलेली, हॉर्न चालू. आमच्या फ्लॅटमध्ये बाथरूमचा नळ पहाटे वाजतो. बया गेल्यापासून वाजतो. सुदर्शननं, माझ्या मुलानं, प्लंबर आणून वायसर बदलला, तरी मला ऐकू येतो. आधी बादलीत पाणी पडतं, मग तांब्यानं घेतल्याचा आवाज, मग कपडा चोळल्याचा. हर्षाली म्हणते, मामा, शेजारच्यांचा असेल. असेलही. बया शेवटच्या वर्षात सगळ्यांच्या आधी उठायची, डोक्यावरून आंघोळ करायची आणि आपलं पातळ मशीनमध्ये न टाकता हातानं धुवायची. सून चिडायची, मशीन कशाला घेतलंय म्हणून. बया म्हणायची, मशीनमध्ये माझी लुगडी फाटत्यात. मला तेव्हा तिच्या चिकटपणाचं हसू यायचं.

आणि चादर. तीही आता आठवली, म्हणजे भाषणात ते शब्द आले तेव्हाच आठवली होती, पण तिथं माणसांत मी तिला बाजूला ठेवली. आमच्याकडे सून घरात आली की सासऱ्याची खाट बाहेर येते. कुणी सांगत नाही, ती येतेच. माझ्या वडलांची ओसरीवर आली होती, माझी फ्लॅटमध्ये हॉलमधल्या दिवाणावर आली. बया नातीला घेऊन आत निजायची. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं, सगळ्यांचं तसंच होतं. दिवसा आम्ही चांगले बोलायचो. एकदा सुदर्शन, हर्षाली आणि लेकरू लग्नाला पुण्याला गेले, दोन दिवस घर आमचं झालं. बयानं त्या दुपारी शेंगोळी केली होती. भांडी घासून झाल्यावर ती हॉलमध्ये आली आणि दाराची कडी लावून माझ्याकडे बघून हसली, नव्या नवरीसारखी नाही, चोरी करणाऱ्या पोरीसारखी. पुढचं काही सांगत नाही. तिला दुखलं असावं, तिनं हात माझ्या खांद्यावर दाबून धरला होता, मला वाटलं मायेनं. नंतर ती बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ पाणी वाजत राहिलं. बाहेर आली ती चादर पिळून घेऊनच. संध्याकाळी चहा देताना म्हणाली, “आता पुरे. ह्या वयात देवाला आवडत न्हाई.” मी हो म्हटलं. मला खरंच वाटलं की देवाला आवडत नसेल. त्या चादरीवर काय होतं ते तिनं बघितलं आणि ते तिला देवाचं उत्तर वाटलं. मी बघितलं नाही, आणि मला तिचं उत्तर देवाचं वाटलं. दोघंही समजून उमजून गप्प बसलो आणि दोघांच्या समजण्यात काहीच खरं नव्हतं. दोष कुणाचा हे मी शोधत नाही. शोधायला ती हवी होती, म्हणजे भांडता आलं असतं. पिशवीचा रोग कळला तेव्हा तो पोटात पसरला होता. पुण्याच्या डॉक्टरांनी विचारलं, किती दिवसांपासून? बया म्हणाली, आत्ताच. तिनं खोटं सांगितलं असं मी म्हणणार नाही. तिच्या लेखी ते दुखणं आत्ताच सुरू झालं होतं. आधीचा होता तो विटाळ.

इथपर्यंत गेलेल्या माणसाचं होतं. गॅलरीत बसल्या बसल्या मी ते उलटसुलट करत होतो आणि त्यात एक प्रकारचं बरं वाटत होतं, जखमेची खपली काढताना वाटतं तसं. मग एकदम दुसरी चौकट दिसली. बोरी बुद्रुकला ठकूबाईच्या घराची. ठकूबाई माझी मेहुणी, बयाची धाकटी बहीण, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा मोहित आणि सून चाकणला कंपनीत. ही मळ्यात एकटी राहते, शेजारी तिची जाऊ नर्मदा. यंदा घट बसले त्या दिवशी मी नेहमीसारखा नारळ घेऊन बोरीला गेलो होतो. बया असताना आम्ही दोघं जायचो. नर्मदा आत घटाला माळ बांधत होती, दिव्यात तेल घालत होती, आणि ठकूबाई उंबऱ्याबाहेर ओट्यावर बसून शेंगा फोडत होती. मी विचारलं, तुझ्या घरचा घट आणि जाऊ राबते? ती म्हणाली, “गुडघे दुखत्यात, दाजी.” बहिणीच्या आवाजात म्हणाली. दोघींचा आवाज असा सारखा की फोनवर मी कायम फसायचो. त्या दिवशी ओट्यावरून तो आवाज आला तेव्हा माझ्या छातीत काहीतरी हललं होतं, आणि मला वाटलं होतं की आवाजामुळेच.

सकाळी मी एसटीनं निघालो. हर्षालीला सांगितलं, ठकूबाईची मोटार बिघडलीय. आळेफाट्याला उतरून वडापच्या जीपमध्ये बसलो. डॉक्टरबाईंच्या दवाखान्याची पाटी रस्त्यावरूनच दिसली, दाराशी बायका उभ्या होत्या. जीपमध्ये माझ्या मांडीला मांडी लावून एक म्हातारा बसला होता, तो पावणं, कुणाकडं, असं विचारत होता. मी म्हटलं मेहुणीकडं. तो हसला. एकटा झालेला माणूस आणि एकटी मेहुणी, लोकांना हसायला एवढं पुरतं. बया गेल्यावर वर्षश्राद्धालाच एक भाऊबंद बोलून गेला होता की दोघांचं म्हातारपण एकमेकांना होईल, घरातल्या घरात. ठकूबाईच्या कानावर गेलं तेव्हा ती महिनाभर माझ्याशी फोनवर बोलली नव्हती. आता मी तिच्यासमोर उभा राहून काय विचारणार होतो? बापय माणसानं बाईला जे विचारायचं नसतं तेच. आईला नाही, बहिणीला नाही, बायकोलाही मी कधी विचारलं नाही. ती चार दिवस बाजूला बसायची तेव्हा आम्ही कावळा शिवला म्हणायचो, म्हणजे कावळ्याचं नाव घ्यायचो, तिचं नाही. जीप कुकडीच्या बाजूनं चालली होती. नदीकाठाला आमच्याकडे पांढऱ्या राखेचा थर आहे, फार जुना म्हणतात, शिकलेली माणसं बघायला येतात. बयाचं माहेर याच काठचं, लहान असताना ती त्या राखेनं भांडी घासायची. मला वाटत होतं की रस्ता संपू नये. मी वाक्य तयार करत होतो आणि मोडत होतो. तुझी तब्येत कशी आहे. एकदा डॉक्टरला दाखवून ये. असं सगळं आम्ही बयालाही म्हणत आलो होतो. त्या शब्दांनी कुणी दवाखान्यात जात नाही.

ठकूबाई ओट्यावर भगर निवडत होती. आत नर्मदा होती. मला बघून ठकूबाईनं पदर नीट केला आणि म्हणाली, “घट उठायच्या आतच परत? मोटार बघाया आलात का मेहुणी?” मी म्हटलं मोटार. ती म्हणाली, मोटार तर चांगली चाललीय, मग मेहुणीच बिघडली असंल. नर्मदा आतून हसली. तिनंच मला पाणी दिलं, शेंगदाण्याचे लाडू दिले. मी विहिरीपर्यंत जाऊन आलो, स्टार्टरचं झाकण उघडून उगाच तारा ओढून बघितल्या, परत आलो. ठकूबाई तिथंच, उंबऱ्याच्या अलीकडे. तिचा चेहरा पिवळा दिसत होता, का मला तसा दिसत होता कोण जाणे. बयाचा शेवटी असा झाला होता. मी ओट्याच्या कडेला तिच्याकडे पाठ करून बसलो, गोठ्याकडे तोंड करून, कारण समोरून मला जमलं नसतं. गाय रवंथ करत होती. मी गायीकडे बघून म्हणालो,

“ठकू, तुझ्या अंगावरून जातंय का?”

सुपातली भगर थांबली. आत नर्मदाचंही काहीतरी थांबलं. मग ठकूबाई हळू आवाजात म्हणाली की मी कोण म्हणून हे विचारतो. तिच्या भावानं असं विचारलं असतं तर तिनं त्याच्या तोंडावर पायताण मारलं असतं. ताई असती तर तिच्यासमोर माझी हिंमत झाली असती का? मी म्हटलं, ताई असती तर विचारायची गरजच पडली नसती. आणि मग मी थांबलो नाही. भाषणातलं सगळं सांगितलं, जसं ऐकलं तसं, गायीला सांगतो तसं. पाळी परत येत नसते. आली असं वाटलं तर ते दुखणं असतं. दर वेळी वाईटच असतं असं नाही, पण बघावं लागतं, आणि लवकर बघितलं तर बाई वाचते. बया दिवा लावत नव्हती हेही सांगितलं. चादरीचं सांगितलं नाही. ते फक्त आमचं होतं.

माझ्या पाठीमागून बयाचा आवाज आला. “मला ठावं व्हतं.” मी वळलो. ठकूबाई होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, सुपाकडे बघत होती.

“ताईनं सांगितलं व्हतं मला. इथंच बसून. म्हणली, ठके, मला परत सुरू झालंय, कुणाला बोलू नको, लोक म्हणतील म्हातारीला तरणेपण आलंय. आमी दोघी हसलो, दाजी. लई हसलो. मी म्हणलं, बरं हाय की, अंगात जोम हाय तुझ्या.” तिनं सूप खाली ठेवलं. “मला सुरू झालं तवा मला वाटलं, ताईनंच धाडलं.”

या ओट्यावर दोन बहिणी हसत बसल्या होत्या आणि मी तेव्हा कदाचित नर्मदाच्या नवऱ्याबरोबर विहिरीवर असेन, मोटारीत डोकं घालून. हसण्याचा आवाज ऐकूही आला असेल. त्या हसण्याचा मला राग यायला हवा होता, पण हेवा वाटला. बया हे हसून कुणाशी तरी बोलली होती. माझ्याशी ती गंभीर होऊन देवाबद्दल बोलली. ठकूबाईनं मला विचारलं, तवाच दाखवलं असतं तर ताई राहिली असती का? मी म्हटलं, मला माहीत नाही. हे खरं होतं. ती म्हणाली, “आसं बोला. हो म्हणला असता तर मी आले नसते. भीतीनंच मेले असते.”

म्हणजे ती येणार होती. मी उठलो, म्हटलं डॉक्टरबाई आज आळेफाट्याला आहेत, जीप आहे, चल. तेव्हा ती म्हणाली, “आज कशी येऊ? घट बसल्यात.” दसरा होऊ दे, घट उठले की येते. घरात अखंड दिवा आहे, तो सोडून घर बंद करून जाता येत नाही, दिवा विझला तर वर्ष वाईट जातं. मी म्हटलं नर्मदा बसेल. पण नर्मदा गेली नाही तर दवाखान्यात हिच्याबरोबर आत कोण जाणार? मी तर जाऊ शकत नव्हतो. आणि ती एकटी गेली तर दारातून परत येईल, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. दसऱ्यानंतर सोयाबीन निघेल, मग दिवाळी, मोहित येईल, मोहितसमोर तर विषयच नाही. बयाचंही असंच काहीतरी मध्ये येत गेलं असणार. ती चांगली कारणं होती. असल्या कारणांत कधी काही खोट नसते. मी उंबऱ्यापाशी उभा होतो आणि मला आतला दिवा दिसत होता, समईसुद्धा नाही, साधी पणती, परातीत ठेवलेली. मी म्हणालो, “दिव्यापाशी मी बसतो.”

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. नर्मदा बाहेर आली होती, हाताला हळद लागलेली. ठकूबाई म्हणाली, बापय माणसाला काय जमतंय, तुमी टीव्ही बघत बसाल आणि वात जाईल विहिरीत. नर्मदा म्हणाली, “चल ठके. लुगडं बदल.” आणि माझ्याकडे वळून म्हणाली की श्रावणापासून ती या घरचा देव धुतेय, पुसतेय, तिला काय कळत नव्हतं? पण ठकीनं तोंड उघडल्याशिवाय ती कशी उघडणार. एवढं बोलून ती हात धुवायला गेली. बाजूच्या घरात सगळ्यांना ठाऊक असतं आणि ज्याचं त्याला वाटतं की आपण झाकलंय. परत येऊन तिनं मला तेलाची बाटली दाखवली, कापसाच्या वातींचा डबा दाखवला, खिडकी लावायची सांगितली. ठकूबाई दाराबाहेरूनच सूचना देत होती. आत आली नाही. जीपपर्यंत मी गेलो नाही, कारण मला दिवा सोडता येत नव्हता.

मग घर रिकामं झालं. मी पाटावर बसलो. समोर पत्रावळीत माती, मातीत गव्हाचे कोंब, उजेड न मिळाल्यानं पांढुरके पिवळे, एकमेकांना टेकलेले. वरून झेंडूच्या माळा लोंबत होत्या, आधीच्या सुकलेल्या, आजची ताजी. ओल्या मातीचा आणि तेलाचा मिळून एक वास होता. मी देवाचा माणूस नाही, म्हणजे नमस्कार करतो, पण असा कधी त्याच्यासमोर बसलो नव्हतो. हे बायांचं काम. बया वर्षानुवर्षं या वासात बसत होती आणि मग एक दिवस उठून चौकटीच्या पलीकडे जाऊन बसली. तिला काय वाटलं असेल? कुणी हाकललं नाही, स्वतःच उठली. आमच्या घरात तिचं तिथं बसणं कुणाच्याही आड आलं नाही. मला पाठीमागे कुणीतरी बसल्यासारखं वाटायला लागलं. उंबऱ्याबाहेर, एक गुडघा वर घेऊन. लसूण सोलताना टरफलाचा आवाज होतो ना, तसा. मी मागे बघितलं नाही. बघितलं असतं तर काय दिसलं असतं याची भीती नव्हती, काही दिसलं नसतं याची होती. मी मागे न बघता मोठ्यानं म्हणालो, आत ये. घरात कुणी नसताना माणूस बोलतो ते त्यालाच विचित्र वाटतं. आवाज भिंतीवर गेला आणि तिथंच राहिला.

दुपार उतरली तशी वाऱ्याची एक झुळूक फटीतून आली आणि ज्योत वातीच्या टोकाला निळी होऊन चिकटली. मी दोन्ही हातांचा आडोसा केला. तळवे भाजले तरी काढले नाहीत. माझ्या मनात सरळ हिशेब तयार झाला होता की हा दिवा राहिला तर तिकडे डॉक्टरबाई बरं सांगतील. मला कळत होतं की हा वेडेपणा आहे. बयाला चादर बघून वाटलं तसलाच. तरी मी हात काढले नाहीत. ज्योत उभी राहिली. मी तेल घातलं, जास्तच घातलं, परातीत सांडलं. परत बसलो. कुणी फोन केला नाही. नर्मदाकडे फोन होता, पण ती आत टेबलाजवळ उभी असेल, ठकूबाईचा हात धरून. ठकूबाई छताकडे बघत असेल. तिला दुखेल. ती सांगेल का दुखतं म्हणून, की खांदा दाबून धरेल आणि नर्मदाला वाटेल मायेनं? सांग ग बाई, असं मी इथून म्हणत होतो, आणि कुणाला म्हणत होतो ते माझं मलाच नीट कळत नव्हतं.

ऊन भिंतीवरून उतरून अंगणात गेलं तेव्हा जीप आली. मी उठलो नाही. नर्मदा आधी आत आली, घटाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि सांगायला लागली. बाईंनी तपासलं. आतल्या कातडीचा बारीक तुकडा काढला, तो पुण्याला जाणार, तिकडून काय येईल ते बघून पुढचं ठरेल. साधंही असेल, नसेलही. नसलं तरी आत्ता हाती लागलंय असं बाई म्हणाल्या. ठकी आधी गप्प होती, मग बोलायला लागली ती थांबेना, ताईचं पण सांगितलं. बाईंनी तिला विचारलं, देवाला का शिवत नाही? ती म्हणाली, विटाळ. बाई म्हणाल्या, हा विटाळ नाही, दुखणं आहे, डोळे आले की तुम्ही देवाला शिवत नाही का?

ठकूबाई दारात उभी होती. उजेड तिच्या पाठीमागून येत होता, म्हणून चेहरा दिसत नव्हता, नुसती आकृती, डोक्यावर पदर, उंची तेवढीच, उभं राहण्याची तऱ्हा तीच, एका पायावर भार टाकून. तिनं हात पाय धुतले होते, पाणी पायाखाली पसरत होतं. ती उंबऱ्याकडे बघत होती. मला बोलायचं ते दुपारीच बोलून झालं होतं, रिकाम्या घरात. मग तिनं लुगडं चिमटीत धरून जरा वर घेतलं, जसं ओढ्यात पाय घालताना घेतात, आणि पाऊल आत टाकलं. सरळ घटापाशी आली. मी पाटावरून सरकलो. ती वाकली, तेलानं भरलेली परात बघितली, काडी घेतली आणि वातीचं काळं टोक झाडलं. ज्योत एकदम स्वच्छ झाली.

“दिवसभर बसलात, दाजी,” ती म्हणाली, “आणि काजळी झाडायचं सुचलं न्हाई व्हय?”